स्वयंपाक तुमचा तुम्ही

डोंगरकठोऱ्याच्या पुढे, केळीच्या बागेत एक खोली,
एक पडवी, एक ओटा, दोन शेगड्यांचा गॅस.
झिपरूभाऊ फेगडे किल्ली देताना म्हणाले,
"सयपाक तुमचा तुम्ही. बाकी समदं हाये."
वैजूने चप्पल काढली, खाटेवर आडवी झाली
आणि पत्र्याकडे बघत म्हणाली,
"ऐकलंस ना? तुमचा तुम्ही.
मीही सुट्टीवरच आलेय."

सव्वीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले.
त्या ओट्यापुढे उभा राहून
घरचा तपासायला घेतला:
दिवसाला दोन वेळा, वर्षाला सातशे तीस,
एकूण अठरा हजार नऊशे ऐंशी,
माहेरपणं वजा जाता.
चहा-पोहे धरलेच नव्हते.
त्या रात्री आम्ही केळी खाल्ली.

सकाळी यावलच्या बाजारात
एका बाईपुढे वांग्यांचा ढीग, हिरवट, पांढऱ्या रेघांची,
एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं.
मी सगळ्यात जड उचललं.
तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.
"हलकं घ्या बापा. जड म्हंजे नुस्तं बी."
मग कांद्याची पात, लसूण, पोपटी मिरच्या,
आणि गिरणीतून कळण्याचं पीठ,
ज्वारीत उडीद दळलेला, अजून गरम,
पिशवीतून पोटाला शेकत आणलं.

गॅस पेटवला तर झिपरूभाऊ दारात.
"गॅसवर? वांगं काय आजारी हाये का?"
त्यांनी बांधावरून तुराट्यांची मोळी आणली,
अंगणात जाळ केला, वांग्यांना तेलाचा हात लावला
आणि एक काठी माझ्याकडे देऊन
तंबाखू मळत बसले.

मी फिरवत राहिलो.
साल काळी पडली, चरचरली,
देठाशी एक बुडबुडा आला, गेला.
पलीकडे सातपुडा आधी निळा होता, मग नव्हताच.
थंडी पाठीला, जाळ तोंडाला,
डोळ्यांत धूर. वैजू खाटेवरून विचारते,
"रडतोयस का रे?"
"धूर आहे," म्हटलं.
बराचसा धूरच होता.

सोलताना बोटं भाजली.
पाण्यात बुडवा, सोला, परत बुडवा.
मग बडजीत मिरच्या, लसूण, वर तो मऊ गर,
आणि लाकडावर लाकूड, धप् धप्,
बागेच्या त्या टोकाला कुत्रं भुंकलं.
शेंगदाणे, पात, कढत तेलाची फोडणी.

भाकरीचं विचारू नका.
पहिली तव्यावर जाण्याआधीच गेली.
दुसरी तापीसारखी, कुठेतरी वळलेली,
एका काठाने फाटलेली.
तिसरी झिपरूभाऊंनी थापली, गुपचूप,
आणि ताटात माझ्याच भाकऱ्यांवर ठेवून दिली.

केळीच्या पानावर वाढलं.
वैजूने घास घेतला. चावला.
मी तिच्या तोंडाकडे बघत होतो,
जसं समोरचा माझ्या तोंडाकडे बघायचा
ताळेबंद वाचताना.
मग मी घास घेतला आणि कळलं,
मीठ घातलंच नव्हतं.

आमच्या घरात हे वाक्य माझं.
"मीठ कमी आहे." कधी चवीने, कधी सवयीने,
पेपरातून डोकं वर न काढता.
आता ते उच्चारायचा हक्क तिचा होता,
सव्याज.
ती काही बोलली नाही.
मिठाची पुडी ओढली, चिमूटभर आपल्या भरतावर,
चिमूटभर माझ्या,
आणि म्हणाली, "ती फाटकी भाकरी मला दे,
तिच्यात तेल छान मुरतं."

मग पाच भाकऱ्या संपल्या.
झिपरूभाऊ बोटं चाटत म्हणाले, "जमीन, जमीन. उद्या परत."

उद्या परत केलं. परवा डाळ लागली, बट्टी कच्ची राहिली.
निघताना त्यांनी पिशवीत सहा वांगी कोंबली,
हलकी, बघून घेतलेली.
भुसावळच्या फलाटावर गाडी उशिरा होती.
वैजूने माझा हात ओढून वास घेतला.
"अजून धूर येतोय," म्हणाली,
आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून
झोपी गेली.