अंगठा

पिशवी काढून चार महिने झाले.
सासू म्हणाली, सुटलीस बघ एकदाची.
सुटले खरी.
पण तंबाखूचा खकाणा नाकात गेला,
शिंक आली,
की मांडीवरचं सूप सावरेपर्यंत
पातळ ओलं.

तीस वर्षं विड्या वळल्या.
चेकर एकेक कट्टा दाबून बघतो,
सैल लागली की छाट.
आता मीच सैल निघाले.
लिंगव्वाला तेवढं सांगितलं.
ती म्हणाली, माझं तर धाकट्या बाळंतपणापासून,
मी टॉवेलची घडी ठेवते.
सोलापुरात टॉवेलला काय तोटा.

सिव्हिलमध्ये ती खोली जिन्याखाली.
तहसीन मॅडम, माझ्या थोरलीच्या वयाच्या.
येमूल नरसम्मा, पाय द्या.
म्हटलं, दुखणं तिथं नाही हो.
त्यांनी घोट्याच्या आतून वर बोटं मोजली,
एक पट्टी तिथं चिकटवली, एक टाचेजवळ,
आणि बटण फिरवलं.

मुंग्या.
तळव्यात, तव्यावर शेंगदाणे तडतडावेत तशा.
मग अंगठा हलला.
मी हलवला नव्हता.
माझाच अंगठा, मला न विचारता
टक टक मान डोलवत होता,
अर्धा तास,
आणि मी परक्या पोराकडं बघावं तशी बघत होते.

ही शीर वर जाते, मॅडम म्हणाल्या,
पार कमरेपर्यंत.
लघवीची पिशवी तिथलंच ऐकते.
मला पटलं.
नवरा मागावर होता माझा.
कुठलं सूत ओढलं की कुठला काठ आवळतो,
हे मला शिकवायला नको.

घरी करायचं ते वेगळं.
आवळा, पाच मोजा, सोडा.
श्वास धरू नका.
पहिल्या दिवशी मी सगळंच आवळलं,
दात, मुठी, कपाळसुद्धा.
नेमकं आवळायचं तेच सापडेना.
त्रेपन्न वर्षं या घरात राहते मी,
ही खोली कधी उघडलीच नव्हती.

हिशोब मराठीत येतो मला,
पण आवळताना तेलुगूच तोंडात येतं:
ओकटी, रेंडू, मूडू.
नालुगूला सुटतं.
मॅडम म्हणतात, सुटू दे. परत धरा.

आता पानं कापताना करते.
चेकरच्या रांगेत करते,
तोंडावरची रेघ हलत नाही.
परवा पुढं लिंगव्वा होती. पाठीत बोट टोचलं,
कानात म्हटलं, धर.
तिला हसूच आलं. हसली,
आणि एकदम गप्प झाली,
मग टॉवेल चाचपून परत हसली.
चेकर ओरडला, काय चाललंय?
काही नाही साहेब, मोजतोय.

काल शिंका आल्या, लागोपाठ तीन.
पहिली कोरडी.
दुसरी कोरडी.
तिसरीला थोडं.

हजारात आठ छाट निघाल्या काल.
तेवढ्या निघतात.