शंभर पावलं

ठराव झाला तव्हा मी मागच्या रांगेत होतो.
हात वर केला नाही, खाली ठेवला असंबी नाही,
कान खाजवत बसलो.
शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांच्या आत
पुड्यांच्या लडी टांगाच्या नाहीत, म्हणे.
पंचफुला गेडाम, सरपंच, वाचत होती
अन् सारी सभा माह्याकडं पाहत होती,
काऊन का, लडी टांगणारं दुकान गावात एकच.

मी म्हणलो, पावलं कोणाची?
निकोडे गुरुजी तर बगळ्यावानी टांगा टाकतात,
त्याइच्या शंभरात अर्धं लोणझरी येते.
लोक हासले. पंचफुलाबाई नाही हासली.
म्हणे, देवमनभाऊ,
ज्याच्यासाठी ठराव, त्याचीच पावलं.

दुसऱ्या दिवशी पहिलीतली सगळ्यात बुटकी पोट्टी आणली,
उईक्याची जान्हवी,
एक चप्पल पायात, एक हातात.
मधात बकरी आली तर थांबली,
बकरीशी बोलली, मंग पुढं.
चाळीसच्या समोर तिले आकडे येत नव्हते,
गुरुजी मोजू लागले.
शंभर भरले ते माह्या ओट्याच्या चार पावलं अलीकडं.
सुटलो!
मी जितलो होतो, राजेहो, अन् तेबी कायद्यानं.

पण पोट्टी थांबलीच नाही.
मोजणं सरलं होतं, चालणं कोठं सरलं होतं तिचं?
चार पावलं टाकून दुकानापुढं आली,
मुठीतून घामेजला पाचाचा डॉलर काढला
अन् लडीकडं पाह्यलं.
पाहाले मान वर करा लागली नाही.
शेवटची पुडी तिच्या नाकासमोर होती.
मीच तशी बांधली होती.
एजंट सांगून गेला होता,
टोक खाली सोडा काका, हात पुरला पाह्यजे.

त्या रातच्याले लडी सोडली.
दयाबिया काही नाही,
कौतिका दारातून पाहत होती, तेवढंच.
आता पुढं फुटाणे, गूळ-शेंगदाणे,
दिवाळीनंतर बोरं, कधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा.
खरं सांगतो, गल्ला निम्म्यावर आला.
अन् सोमवारच्या बाजारातून पोट्टे
दप्तरात पुड्या कोंबून आणतातच,
बाजार कोणाचा ठराव ऐकते?
लडी मागच्या खोलीत आहे, पोत्याखाली.
रात्री हिशोब करताना एखादी मीबी फोडतो,
आवाज होऊ नये म्हणून दातानं.

दुसरा ठराव पांदणीचा होता.
कौतिकाले साखर निघाली तव्हा
डॉक्टर म्हणे, रोज अर्धा घंटा चाला.
ती म्हणे, कोठं चालू?
डोक्यावर भारा नाही, कमरेवर घागर नाही,
अशी बाई रस्त्यानं दिसली
तर लोक पुसतात, कोण मेलं वं?
म्हणून ती हातात इळा घेऊन निघे.
दोन महिने चालली असंन,
एक काडी कापली नाही.

मंग पांदणीवरचे उकिरडे उचलले,
तीन खांब, तीन दिवे,
अन् पाच ते सात ट्रॅक्टर उभा करणाऱ्याले शंभर रुपये दंड.
पहिला दंड सरपंचाच्याच दिरानं भरला,
गाव आठ दिवस तेच चघळत होतं.
आधी दोघी-तिघी, अंगणवाडीची शोभा, न्हाव्याची बेबी,
आता मोजाले गेलं तर पंधरा-सोळा बाया
पदर खोचून, मोठ्यानं बोलत, काही न आणता
जातात अन् काही न आणता येतात.

काल कौतिका निघाली तव्हा मी आवाज देल्ला,
इळा राह्यला ना!
तिनं मागं वळूनबी पाह्यलं नाही.
लडीचा खिळा तसाच होता भिंतीत,
तेथं अडकवला.
जान्हवी आली, फुटाणे घेतले,
म्हणे, काका, हा केवढ्याले?