सात नंबर

माळावर बारा बाभळी, बारा डब्या.
डबीला एकच कान, मुगाच्या दाण्याएवढा.
निलोफर मॅडम म्हणाल्या, लांडगे ऐकायचेत,
महिना चार हजार, सांभाळाल?
म्हटलं, शेरडं सांभाळली,
ह्यांना तर चारा पण लागत नाही.

चारा नाही, पण नखरे लागतात.
एप्रिलात भूमकडचा दगड हातात धरवत नाही,
तेव्हा कानावरचा फोम
बोटात भुगा होऊन येतो, मोडक्या लाडवासारखा.
सगळ्या डब्या उत्तरेच्या अंगाला सरकवल्या.
वर फुटक्या माठाची खापरी,
मध्ये बोटभर वारा.

पावसाचं वेगळंच.
पत्रा ठोकला, तर मॅडमना महिनाभर
नुसता पत्राच ऐकू आला.
बाटली कापून लावली, तो झाला ताशा.
शेवटी बिरमल आबांकडून
जुन्या घोंगडीचा तुकडा आणला.
घोंगडीवर थेंब बसतो. बोलत नाही.

आणि खाली कानावर काय चढवायचं
ते मॅडमनी फोनवर दोनदा सांगितलं.
दोन्ही वेळा मी म्हटलं,
हॅलो, आवाज तुटायलाय.
कळलं होतं.
घरात सत्यभामा आशाताई,
सरकारी खोकी तिच्याच पिशवीत.
ती हसली नाही. रजिस्टर उघडून म्हणाली,
किती देऊ? बारा?
आणि लाभार्थी काय लिहू, बाभूळ?

यंदा शिमग्याच्या आधी गारा आल्या, लिंबाएवढ्या.
खापरी फुटली, घोंगडी फाटली,
सात नंबर सापडला ओघळीत, पालथा.
उन्हात ठेवायचा नाही, पडदा आकसतो.
चुलीपाशी नाही.
मिठात नाही, मीठ तार खातं.
तांदळात ठेवा म्हणाल्या मॅडम.
तांदूळ आमच्यात पाहुण्यांना.

सत्यभामानं तव्यावर ज्वारी कोरडी परतली,
सुपात पसरून गार केली,
सात नंबर धुतल्या फडक्यात बांधला,
बुटाच्या खोक्यातली 'खाऊ नका' लिहिलेली पुडी
त्याच्या उशाला दिली,
आणि कणगीत गळ्यापर्यंत पुरला.
पाच दिवस.

पहिला नियम होता, आधी सेल काढा.
तोच मी विसरलो.

मॅडमनी लॅपटॉपवर लावलं.
आधी वारा. मग गारा, दात वाजावेत तशा.
मग चिखलाचा एक घोट,
आणि काही नाही, लांबच लांब.
मॅडम पुढं ढकलत गेल्या.
मग दाणे. दाण्यांवरून चालणारा एक टोका,
खडीवरून माणूस यावा तसा.

आणि मग ज्वारीच्या आतून, दुरून:
"नमस्कार साहेब. मी सत्यभामा.
आमचं सात महिन्याचं मानधन—"
थांबली. भांडं वाजलं.
"नमस्कार साहेब. सात महिने झाले, आमचं—"
परत थांबली.
तिसऱ्यांदा साहेब गाळला.
"सात महिने.
रात्री दोनला बाळंतीण घेऊन जीपमध्ये मी बसते.
तुमचा शिपाई मला म्हणतो, उद्या या."
ह्या खेपेला भांडं वाजलं नाही.

मी तेव्हा माळावर होतो,
उरलेल्या अकरा जणांच्या घोंगड्या पिळत.

मॅडमनी लॅपटॉप मिटवला.
म्हणाल्या, ह्यात लांडगा नाही,
ही फाईल मी ठेवत नाही.
आणि सात नंबर आता टाकूनच द्या,
खरखरतोय.

टाकला नाही. खुंटीवर आहे, सेल काढून.

मंगळवारी तालुक्याला मीटिंग.
ती निळी साडी नेसून
पिशवीत रजिस्टर कोंबत होती.
मी चप्पल शोधल्यासारखं केलं,
खाली बघूनच म्हटलं,
आवाज नीट येतो तुझा.

ती उंबऱ्यात थांबली.
कुणाला?