नमुना: पीठ, घरचं

मडगावच्या प्रयोगशाळेत खिडकीतल्या मुलीनं विचारलं,
कसलं पीठ?
मी म्हटलं, घरचं.
तिचं पेन कागदावर थांबून राहिलं.
मग सांगितलं. रातकिड्यांचं.
तिनं बरणी जरा लांब धरली,
आणि न राहवून वास घेतला.
सुक्या सुंगटांसारखा येतो की, म्हणाली.
येतोच. सुंगटांचे लांबचे सोयरे हे,
कवच तेच, पाय तसेच,
फक्त समुद्राकडं न गेलेले.

रिवणात आमचा ट्रक चार पावसाळे उभा होता.
डोंगर आधीच गेला होता,
सावर्ड्याच्या धक्क्यावरून, बार्जीत बसून,
कुठल्या कुठल्या देशांना.
दिवसाला सात खेपा. मी मोजायची.
दूध तापत ठेवण्याआधी खिडक्या लावायची,
तरी सायीवर तांबडी धूळ.
एवढं लोखंड दारावरून गेलं
आणि शाळेत सुलक्षाचं रक्त तपासलं तर
आठ पूर्णांक दोन.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोह कमी आहे.
सगुण हसला.
मला वाटलं होतं रडेल.

ट्रकची ताडपत्री आता शेडवर आहे.
आत अंड्यांचे पुठ्ठे, उभे, एकाला एक टेकून.
कोंडा, शेगटाचा पाला, भोपळ्याच्या साली,
सोडणाच्या ओल्या भुशात अंडी,
तांदळाच्या कणीहून बारीक.
पहिली खेप मुंग्यांनी नेली, एका रात्रीत.
कुष्टा वेळीप कुंपणावरून म्हणाला,
आमच्या मुंग्यांच्या चटणीला नाकं मुरडायचात ना,
आता त्यांनीच तुमचं जेवण केलं.

सहा आठवड्यांनी एक दिवस उपास, पोट रिकामं व्हावं म्हणून.
मग आइस्क्रीमचा जुना फ्रीझर.
गाणं एकदम थांबत नाही.
आधी सावकाश होतं,
दोन किरकिरींमधलं अंतर वाढत जातं,
मग एकटाच कुणी,
मग तोही नाही.
तोवर मी झाकणावर हात ठेवून उभी राहते.
असं कुणी सांगितलेलं नाही.

अहवाल आला.
शंभर ग्रॅमला प्रथिनं एकसष्ट,
लोह सहा पूर्णांक चार मिलीग्रॅम,
जस्त, बी-बारा,
आणि कवचाचा तंतू, जो पचत नाही तरी कामाचा म्हणे.
तळाला बारीक अक्षरात:
कोलंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी खाऊ नये.

ती मी.
गोव्यात जन्मून सुंगटं न चालणारी,
सोळाव्या वर्षी ओठ सुजून म्हापशाला नेलेली,
लग्नाघरी जिच्या पानाकडं बघून बायका
अरेरे करतात.
नाकाला फडकं बांधून दळते.
चव सुलक्षाकडून ऐकते.
तिलाही पहिल्यांदा दिलं ते चिमूटभर,
डॉक्टरीणबाईंच्या ओसरीवर बसवून.
दोन तास तिच्या ओठांकडं बघत होते.
काही झालं नाही. तिला भूक लागली.

आता नाचणीच्या तिजानात दोन चमचे, रोज.
हिशेब केला: दोन चमच्यांत जेमतेम एक मिलीग्रॅम लोह.
सगुणचा ट्रक एका खेपेला दहा टन न्यायचा.
गोळ्याही चालूच आहेत,
तेव्हा मागच्या महिन्यात दहा पूर्णांक एक आलं
ते कशानं, कोण सांगणार.
डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्यांनी.
कुष्टा म्हणतो, मुंग्या खा.
सुलक्षा म्हणते, पीठ नको आई, तळून दे,
पाय कुरकुरीत लागतात.

रात्री सगुण शेडच्या दाराशी बसतो.
पूर्वी ट्रकच्या आवाजावरून सांगायचा, भरलेला की रिकामा.
आता किरकिर ऐकून म्हणतो,
अठ्ठावीस अंश असेल आत.
उठून बघतो.
सव्वीस.
बल्ब लाव गं, म्हणतो,
थंडी वाजतेय त्यांना.