सत्तर अक्षरं

पाथर्डी फाट्याच्या जलकुंभाखाली माझी रात्रपाळी.
दोन चाव्या, एक बॅटरी, एक रजिस्टर
आणि हा फोन,
ज्याच्या पाचाच्या बटणावरचा पाच झिजून गेलाय.

वृंदाने शिकवलं, जळगावला नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी.
आप्पा, या नंबरावर एक शब्द पाठवायचा,
त्याची माहिती येते. नेट लागत नाही.
एका शब्दाला एक रुपया.
मी म्हटलं, रुपयात कोण एवढं बोलतंय.

येतं, पण नळासारखं.
आमच्या नळासारखं म्हणजे
वेळेवर नाही आणि एकदम नाही.
सत्तर अक्षरं झाली की व्हॉल्व्ह बंद.
वाक्य तुटतं, कधी शब्दच तुटतो,
'समु' एका मेसेजात, 'द्र' दुसऱ्यात,
मधल्या वेळात मी सिडकोची लाइन सोडून येतो.
वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात,
कुठे नुसते चौकोन,
कोरड्या हौदांसारखे.
तिथे काय असेल ते मी
शेजारच्या अक्षरांना विचारतो.

आतापर्यंत मागवलं ते:
शनी. भूकंप. कावीळ, खैरनारांच्या पोरासाठी.
धरणाच्या भिंतीच्या पोटात बोगदा का ठेवतात,
यावर 'कृपया एकच शब्द पाठवा' एवढंच आलं.
रुपया गेला.

मग एका गुरुवारी ऑक्टोपस.
का, ते सांगता येणार नाही.
थंडी होती, मफलर घरी राहिला होता,
आणि कधीतरी ऐकलेला हा शब्द
बोटांना आपोआप आठवला.

पाचातला पहिला:
ऑक्टोपसला तीन हृदये असतात.
दुसरा:
दोन हृदये कल्ल्यांना रक्त पाठवतात. तिसरे उरलेल्या शरीराला
तिसरा आलाच नाही.
चौथा:
म्हणून तो पोहण्यापेक्षा सरपटणे पसंत करतो.
पाचवा, रक्त निळं असल्याचा.

म्हणून? कशामुळे म्हणून?
दोन पंप फिल्टरला, एक गावाला,
इथवर मला कळलं, सव्वीस वर्षं हेच केलंय.
पण गावाला पाणी देणाऱ्या पंपाचा
सरपटण्याशी काय संबंध?
इंदिरानगरची लाइन उघडली, तरी डोक्यात तेच.
चावीचे आटे मोजायला विसरलो,
दोन गल्ल्यांत पहाटे तीनलाच पाणी.

मग पडद्यावर दिसलं: मेसेजसाठी जागा नाही.
म्हणजे तो दारात उभा होता.
मीच आत घेत नव्हतो.

पुसायला बसलो.
बँकेचे पुसले. लॉटरी लागल्याचे पुसले.
साहेबांचा 'उद्या मीटिंग' पुसला, ती मीटिंग कधीच झाली.
सुमनचा 'येताना गवार', तोही पुसला,
गवार आणली नव्हती त्या दिवशी.
वृंदाचा एक आहे, एकाच शब्दाचा: पोचले.
त्याच्यावर बोट आलं
आणि पुढे गेलं.

तीन चाळीसला फोन टेबलावर थरथरला.
पुरवते. पोहताना हे तिसरे हृदय थांबते.

मी बाहेर आलो.
टाकी भरत होती, आतून तिचा तो जाड आवाज.
थांबतं, आणि तरी पोहतो.
कुठे टेकला, की परत चालू.
शटडाउन घेतल्यासारखं.

जागा पुन्हा भरणार, हेही पुसावं लागणार,
म्हणून हाताशी होतं त्यावर उतरवून घेतलं.

सकाळी सहाला रमजान शेख चार्ज घ्यायला आला.
रजिस्टर उघडलं, बोट ओळीखाली फिरवत वाचू लागला:
सिडको, दाब ठीक.
इंदिरानगर, लवकर सुटले, चूक माझी.
तिसरे हृदय, पोहताना बंद.
त्याने वर पाहिलं नाही.
पान उलटून पाठीमागे पाहिलं,
मग म्हणाला,
आणि बाकीची दोन?