कॅमेरा सहा, आवाजासह

देवाचा मुखवटा चोरीला गेला तेव्हा मला बोलावलं.
आठ कॅमेरे, एक डीव्हीआर, दोनशे मीटर वायर,
खारी हवा म्हणून प्रत्येक जोडाला ग्रीस.
मंडपाच्या वाशावर चढलो तेव्हा
खाली दाजी गुरव कळे भिजवत होते
आणि बघत होते, माझे पाय देवाच्या वर जातायत का.

सहावा गाभाऱ्यासमोर. माईकवाला.
कमिटीने मागितला नव्हता,
ऑफरमध्ये आला.

पासवर्ड मी कारखान्यातलाच ठेवला. एक ते सहा.
हे लिहायला लाज वाटते.
दोन महिन्यांनी लॉग उघडला तर
रोज पहाटे तीनला कुणीतरी आत येत होतं,
अशा देशातून, जो मला नकाशावर शोधावा लागला.
काही नेत नव्हतं. बघून जात होतं.
दाजी म्हणाले, "राखणदार असतलो. तीनाकच फिरता तो."
पेडणेकर सर तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले.
म्हणाले, "राखणदाराला आयपी अ‍ॅड्रेस नसतो, दाजी."
"तुमका काय म्हायत? तुमी कधी इचारलास?"

त्या रात्री मी सहावा ऐकत बसलो.
आवाज तपासायला म्हणून. दहाच मिनिटं म्हणून.
गाऱ्हाणं संपून मंडळी पांगली
की माणसं देवापाशी एकेकटी उभी राहतात.
खोतांच्या धाकट्या सुनेने विचारलं, माहेरी जाऊ की विहिरीत.
रापणवाल्या इनासने, ख्रिस्ती असून, नारळ ठेवला
आणि मुलाच्या बोटीचं नाव सांगितलं, दोनदा.
कमिटीच्या अध्यक्षांनी सड्यावरच्या जमिनीचा भाव सांगितला,
मग माफी मागितली.

सकाळी ती सून बाजारात भेटली. "सुकट घेतलंस?" म्हणाली.
मला तिच्याकडे बघता येईना.
देव कसा बघत असेल, रोज?

दाजींना सांगितलं. वात वळायची थांबली.
"देवाक सगळा ऐकाक येता. पण तो खंय बोलान दाखवणा नाय.
तुझो ह्यो डबो मात्र सांगतलो."
सरांनी आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या बाजूने मान हलवली
आणि लगेच म्हणाले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, देवाचा नाही.

अध्यक्ष म्हणाले, माईक राहू दे,
कोण काय मागतो ते कळलेलं बरं.
मग कौल लावायचं ठरलं: माईक ठेवायचा का?
ओले कळे देवाच्या दोन्ही अंगांना.
मंडपातला पंखा मी आधीच डावीकडे वळवून ठेवला होता.
तीनवर. होय, मीच.

"व्हय म्हाराजा" झालं
आणि लाईट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला. डीव्हीआरचा हिरवा दिवा विझला.
समईच्या उजेडात आम्ही सगळे, कितीतरी वेळ,
मानेवरून घाम, खाली खडकांवर भरती.
मग डावा कळा पडला.

सर म्हणाले, आधीच्या वाऱ्याने सुकला असणार.
असणार.
दाजींनी कळा उचलून तबकात ठेवला,
माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे. बोलले नाहीत.
त्या बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग नाही.

माईक त्याच संध्याकाळी कापला.
जुनं सगळं पुसायचं बटण दाबलं, यंत्राने विचारलं: नक्की?
आणि मी चक्क हात जोडले.

नवा पासवर्ड चौदा अक्षरांचा आहे.
आता लॉगमध्ये रोज तीनला एकच ओळ येते:
प्रवेश नाकारला.
दाजींना अजून सांगितलेलं नाही.