कूलर बंद करून

नवतप्याचा दुसरा दिवस.
गोळीबार चौकातली कुत्री नालीत उतरलीत,
आणि मी गच्चीवर
सात मीटर तांब्याची तार ताणून
सूर्याचा आवाज शोधते आहे.

तार दोन बांबूंच्या मध्ये.
हेडाऊकाकू तिला कपडे वाळवायची दोरी समजतात.
परवाच्या नोंदीत एक ओळ आहे :
"११:४०. सिग्नल बिघडला. कारण, टॉवेल."

वीस मेगाहर्ट्झवर आमची अख्खी गल्ली बोलते.
कूलरची मोटर घरघरते,
पॉवरलूमचा स्टार्टर ठिणगी टाकतो,
कोपऱ्यावर वेल्डिंग,
कुणाची तरी जुनी लूना रडतखडत सुरू होते,
हे सगळं मला आधी ऐकू येतं.
सूर्य त्याच्याही मागे,
लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर
मीठ मागत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

सूर्य ऐकायचा
तर त्याच्यापासून वाचवणारं सगळं बंद करावं लागतं,
हे मला एप्रिलात कळलं.
आधी माझा कूलर. वाळ्याचा वास तासाभरात सुकला.
मग हेडाऊकाकूंचा, दहा मिनिटं,
ग्लासभर पन्ह्याच्या बदल्यात.
त्यापुढच्या घरी मी विचारलंच नाही.
तिथे बाळंतीण होती.

तेव्हापासून मी ज्याची वाट बघते
ते गल्लीत कुणाला सांगत नाही.
लाइन जाण्याची.

आज बारा वाजून सहा मिनिटांनी गेली.
खाली "गेली, गेली",
वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार,
पंखे दोनचार फेरे उधारीवर फिरून थांबले.
बांबूंची सावली बांबूंच्या बुडाशी शिरून बसली होती.
माझा रिसीव्हर बाबांच्या मोडीत काढलेल्या ऑटोच्या बॅटरीवर.
त्यात इतकी एकदम शांतता झाली
की वाटलं, तारच तुटली.

दोन मिनिटं काही नाही.
मग एक बारीक सुसकारा.
तो फुगला, वर चढला,
कन्हानच्या रेतीचा ट्रक रिकामा होतो
तसा कोसळला, आणि घसरत मागे गेला.
पुन्हा.
पुन्हा.

मी समुद्र पाहिलेला नाही.
आमच्याकडे अंबाझरी, फुटाळा,
आणि त्यांच्या काठावर मक्याची कणसं.
पुस्तकात लिहिलं होतं, सूर्याचे स्फोट लाटांसारखे ऐकू येतात.
मी ते उलटं शिकले :
लाटा अशा ऐकू येत असणार.

तिकडे कुठे तरी एक चुंबकी पीळ सुटला होता,
इलेक्ट्रॉनांचा झोत बाहेर निघाला होता,
आठ मिनिटांपूर्वी.
म्हणजे तो निघाला तेव्हा
गल्लीतले सगळे कूलर चालू होते.
लाइन जाणार आहे हे त्याला माहीत नव्हतं.
तरी निघाला.

जिन्यावर चपला वाजल्या.
सोमाजी निखारे, डोक्यावर ओला दुपट्टा.
लूम बंद पडले की त्यांना खाली करमत नाही.
मी हेडफोन दिला.
त्यांनी तो एकाच कानाला लावला,
दुसरा कान गल्लीसाठी ठेवला,
डोळे मिटले.

"हा बोलते काय?"
"बोलत नाही आजोबा. नुसता आवाज."
"मंग?"
मला उत्तर आलं नाही.
खूप वेळ ऐकत राहिले. घाम हनुवटीवरून वायरवर.
मग हेडफोन माझ्या हातात ठेवत म्हणाले,
"लय दुरून आला न बाप्पा,
दम लागला वाटते त्याले."

बारा एकतीसला लाइन आली.
खाली टाळ्या.
सुईनं उजवीकडे उडी मारली, तिथेच थरथरत राहिली.
पलीकडचा कूलर सुरू झाला,
बाळ रडायचं थांबलं.

मी वही उघडली.
वेळ, १२:०८ ते १२:३१. लाटा, नऊ.
दहावी असेल, पण ती लूना असेल.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
"दम लागला," असं लिहिलं,
आणि खाली :
साक्षीदार, सोमाजी निखारे, विणकर.